खोट्या शेपूचं नाव

एका राज्यात एक विषारी रोप रुजलं, आणि त्या विषाचा धनी होता राजवैद्य रेवणाचार्य. ज्या जादूगाराच्या बेटावरून ते रोप आलं तो नंतर. ज्या राजानं ते आणलं तो त्याच्याही नंतर. पहिला दोष रेवणाचार्याचा. वडीलधाऱ्यांची चूक झाली की लोक म्हणतात, काळ वाईट होता, ग्रह वाकडे होते. ग्रह आपापल्या जागी नीट होते. माणूस जळत होता.

त्या राज्याची रीत अशी. कुठलंही रोप उपटायचं तर आधी त्याच्या बुंध्याशी अक्षता ठेवायच्या, त्याला नावानं हाक मारायची आणि 'ये' म्हणायचं. मग मूळ आपणहून माती सोडी. नाव न घेता ओढलं तर मूळ तुटे, आणि तुटल्या मुळाच्या तुकड्यातुकड्याला नवा कोंब फुटे. म्हणून नाव ही तिथं थट्टेची गोष्ट नव्हती. अनोळखी रोपाचं नाव सांगायचा अधिकार एकट्या राजवैद्याला. तो सांगेल तेच नाव माळी घेई, सुईण घेई, राजाही घेई.

रेवणाचार्यानं हा अधिकार जन्मभर भोगला. तरुणपणी तो बांधाबांधानं हिंडला होता, गुडघे मातीत टेकून झाडांशी बोलला होता. पुढं उंच आसन मिळालं, आणि आसनावरून उतरणं त्याला कमीपणाचं वाटू लागलं. रोप तबकात घालून समोर आणावं, त्यानं लांबून पाहावं, दाढीवरून हात फिरवावा, नाव सांगावं. बहुतेक वेळा ते बरोबर येई. बहुतेक वेळा बरोबर येतं, यानंच अशा म्हाताऱ्यांचं वाटोळं होतं, आणि त्यांच्याबरोबर बाकीच्यांचंही.

आता राजा अरिमर्दन. त्यानं तमिस्र नावाच्या जादूगाराचं बेट लुटलं आणि मोत्यांची एक पेटी घरी आणली. मोत्यांवर शाप असणार हे सगळ्यांनी धरलंच होतं, म्हणून मोती गोमूत्रानं धुतले, धूप दाखवला, होम केला. शाप मोत्यांवर नव्हताच. मोत्यांखाली अंथरलेल्या सुक्या गवतावर होता. ते गवत माळ्यानं पागेमागच्या उकिरड्यावर टाकलं.

तिथून ते रोप उठलं. पानं शेपूसारखी बारीक, कातरलेली. डोक्यावर पांढऱ्या फुलांची छत्री. पुरुषभर उंच झालं, बी सांडलं, ओढ्याकाठानं चालत भाजीच्या वाफ्यांत शिरलं. माळ्यानं घाबरून त्याची एक फांदी तोडून दरबारात आणली.

रेवणाचार्यानं तबकाकडं पाहिलं. "शेपू," तो म्हणाला. "भाजी करा. वाताला चांगला."

तेव्हा लोकांतून कुमुदा पुढं आली. ही त्याचीच शिष्या. आश्रम अर्ध्यात टाकून गेलेली. गुरुजी पोथीतलं झाड शिकवतात आणि पोथीला वास नसतो, असं तोंडावर सांगून गेलेली. त्या दिवसापासून ती गावोगाव औषध देई, आणि राजवैद्याच्या दारातली गर्दी हळूहळू तिच्या दाराकडं वळली होती. हे रेवणाचार्याला ठाऊक होतं. कोणाकोणाचा ताप तिनं उतरवला, हे त्याला त्या रोग्यांपेक्षा जास्त पाठ होतं.

"गुरुजी, देठ बघा," कुमुदा म्हणाली. "शेपूच्या देठावर जांभळे ठिपके नसतात. आणि पान चुरगळून वास घ्या."

राजा हसला. "आचार्य, पोरगी एवढं म्हणते तर बघा की जरा वाकून."

वाकून. हा शब्द रेवणाचार्याच्या छातीत काट्यासारखा रुतला. सगळा दरबार मान वळवून तिच्याकडं पाहत होता. त्याच्याकडं माणसं पाहत ती खाली मान घालून. मान वळवून कोणी पाहिल्याचं त्याला आठवेना.

ठिपके त्याला दिसले होते. हे नीट ध्यानात घ्या. डोळे अधू नव्हते, विद्या संपली नव्हती. ठिपके दिसले, शेपूला ते नसतात हेही त्याला कळलं, आणि तरी तो म्हणाला, "मातीचे शिंतोडे आहेत. आज माझ्या घरी हीच भाजी होईल."

भाजी झाली. त्याची बायको अनसूया हिनं ती केली, भरपूर लसूण घालून, मुगाची डाळ पेरून. तिनं खाल्ली. गावानंही खाल्ली, कारण राजवैद्याच्या घरी शिजली म्हणजे चांगलीच. रेवणाचार्यानं खाल्ली नाही. त्याला शेपू मुळात आवडत नसे.

संध्याकाळी अनसूयेच्या पायाला मुंग्या आल्या. सकाळी ती उठली तेव्हा बोटं लाकडाची झाली होती. सागाचं किंवा शिसवीचं लाकूड असतं तर निदान टिकाऊ तरी म्हणता आलं असतं. हे पांगाऱ्याचं होतं, हलकं आणि भुसभुशीत. ते बोटांवरून घोट्यावर आलं, घोट्यावरून वर चढू लागलं. गावात घरोघरी तेच. डोकं मात्र प्रत्येकाचं शाबूत, जीभ शाबूत. आपण लाकूड होतोय हे ज्याचं त्याला कळत होतं.

माळी अक्षता घेऊन धावले. रोपाच्या बुंध्याशी ठेवल्या आणि राजवैद्यानं सांगितलेल्या नावानं हाक मारली. "शेपू, ये."

शेपू आला. खरा शेपू. राज्यातल्या परड्यापरड्यांतून, वाफ्यावाफ्यांतून अस्सल शेपूची काडीन् काडी मुळं झाडत उठली आणि वाळून मेली. ते विषारी रोप जागचं हललं नाही. आता राज्यात शेपूसारखं दिसणारं तेवढंच उरलं.

अनसूया उंबऱ्यावर बसून होती. तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, ती पोर म्हणत होती ते खरं होतं का?"

"तिला काय कळतंय."

"मग माझे पाय का वाजतात?" तिनं पाय पायावर आपटून दाखवले. टक टक झालं. "जा, तिला बोलावून आणा."

राजवैद्यानं शिष्येच्या दारी जायचं, असं कसं, मानाचा काही प्रश्न असतो, असं तो बरंच काही बोलला. तिनं ऐकून घेतलं.

"तुमचा मान माझ्या गुडघ्यापर्यंत आलाय," ती म्हणाली. "वर चढायच्या आत काय ते करा."

तो गेला नाही.

दरबाराच्या तुळईवर एक म्हातारा भारद्वाज पक्षी राहत असे. अरिमर्दनाचा आजा गादीवर होता तेव्हापासून तो तिथं होता, आणि राजालाही अरेतुरे करी. राजानं त्याला उपाय विचारला.

"तुझा वैद्य एका नजरेत नाव ठेवतो," भारद्वाज म्हणाला. "नाव असं ठेवायचं नसतं, शोधायचं असतं. तीन साक्षी आणा. डोळ्याची साक्ष निवळ तळ्यापाशी मिळेल. नाकाची साक्ष आंधळ्या अस्वलिणीपाशी. मुळाची साक्ष ज्यानं पेरलं त्याच्यापाशी. तिन्ही जुळल्या की नाव कळेल."

राजानं दवंडी पिटवली. जो नाव आणील आणि ज्याची हाक ते रोप ऐकेल, राजवैद्याचं आसन त्याचं. कुमुदा दवंडी पुरती ऐकायलाही थांबली नाही, रोपाची एक फांदी पदरात बांधून निघाली. रेवणाचार्य घरी बसून राहिला. मग रस्त्यानं जाणारी दोन माणसं बोलली की आता कुमुदाबाईच राजवैद्य. ते त्याच्या कानावर पडलं, आणि तो उठला. बायको लाकूड होत होती म्हणून उठला नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

निवळ तळं डोंगराच्या कुशीत होतं. त्याच्या पाण्यात सारखेपणा विरघळत असे, जे एकमेकांसारखं दिसतं ते तिथं वेगळं होई. रेवणाचार्यानं रोपाची फांदी पाण्यावर धरली. प्रतिबिंबात शेपूचा भासही राहिला नाही. बारीक पानांआडून देठ पुढं आला, आणि त्यावरचे जांभळे ठिपके साकळलेल्या रक्तासारखे दिसले. डोळ्याची साक्ष मिळाली.

मग त्यानं सहज आपला चेहरा पाहिला. पाण्यात त्याचा चेहरा नव्हता. कुमुदेचा होता, वाकून बघणारा, कपाळावर केस आलेला.

"ती इथं नाही," तो म्हणाला. "मी आहे. मला दाखव."

"मी शेवटचा खरा चेहरा धरून ठेवते," तळं म्हणालं. "दुसरा आला की बदलेन."

त्यानं चिखलाचा गोळा उचलून तिच्या चेहऱ्यावर मारला. पाणी हललं, चिखल तळाशी बसला, आणि कुमुदा तशीच बघत राहिली.

अस्वलीण गुहेच्या तोंडाशी ऊन खात पडली होती. दोन्ही डोळ्यांच्या जागी पांढरं कातडं. जगातल्या प्रत्येक झाडाचा वास तिच्याजवळ होता. तिनं रेवणाचार्याच्या हातातलं पान पंज्यात चुरगळलं आणि नाकाशी नेलं.

"उंदराचं बीळ," ती म्हणाली. "जुनं, मुतानं भिजलेलं. शेपूला असा वास येत नाही. ही तुझी साक्ष. कालच्या बाईलाही हेच सांगायला निघाले, तर तिनं आधीच ओळखलं होतं."

अस्वलिणीनं पान खाली टाकलं.

"मी विचारलं, कुठं शिकलीस? तर म्हणाली, माझ्या गुरुजींनी डोळे बांधून शिकवलं. चाळीस पानं चुरगळून समोर ठेवत, आणि एक चुकलं तर सगळी पुन्हा. म्हणाली, त्यांच्याएवढं नाक राज्यात कोणाला नाही."

तिनं वाईट सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या, तर त्या घेऊन तो पुढं चालला असता. पण तिनं चांगलं सांगितलं होतं, कोणी ऐकत नसताना, एका आंधळ्या जनावराला. तिच्याकडं एवढं होतं की ती वाटूही शकत होती.

अस्वलिणीनं नाक वर केलं. "काहीतरी करपतंय," ती म्हणाली. "तुझ्या अंगालाच येतोय तो वास."

तो तिथून निघाला.

तमिस्राचं बेट अर्धं समुद्रात बुडालं होतं. उरलेल्या अर्ध्यावर तो जादूगार आपल्या लुटलेल्या घराच्या जोत्यावर बसला होता, आणि भोवती तेच रोप कमरेएवढं माजलं होतं. त्याचंही वय झालं होतं. दोन म्हातारे एकमेकांकडं प्रेमानं बघत नाहीत, तसे ते बघत राहिले.

तमिस्रानं एक रोप मातीसकट खणून पुढं केलं. मूळ मुळ्यासारखं पांढरं, जाड, आत कप्पे कप्पे असलेलं, आणि चिरल्यावर पिवळा चीक येणारं. "ही मुळाची साक्ष," तो म्हणाला. "मोत्यांच्या राखणीला मी हे लावलं. त्याला नाव दिलं नाही. नाव नाही म्हणून त्याला कोणी बोलावू शकत नाही, आणि बोलावल्याशिवाय ते जात नाही."

"मग नाव दे."

"मी कशाला देऊ? पेटी माझी गेली." तमिस्र पाय हलवत बसला. "नाव जिवंत माणसाचं लागतं. स्वतःचं. रोपासमोर उभं राहून द्यावं लागतं. आणि नाव उसनं देता येत नाही. दिलं की गेलं. पुढं कोणी तुला हाक मारू लागला की त्याच्या तोंडून त्या रोपाचं नाव निघेल, तुझं नव्हे."

स्वतःचं नाव. राजमुद्रेशेजारी कोरलेलं, रोज दरबार सुरू होताना भालदार पुकारी ते. रेवणाचार्य मागं फिरला. मनात म्हणाला, कोणीच देणार नाही. इतका वेडा कोण असेल.

"ती पोरगी देते म्हणाली," तमिस्र मागून बोलला. "विचारही केला नाही. समुद्र ओलांडून पायवाटेनं परत निघालीय."

रेवणाचार्य थांबला.

त्याला तिची दया आली का? नाही. अनसूयेचा टक टक आवाज आठवला का? तोही नाही. त्याला दिसलं ते असं. राज्यातल्या प्रत्येक बांधावर, प्रत्येक ओढ्याकाठी आया पोरींना सांगताहेत, ही कुमुदा, हिला ओळखून ठेव, हिच्या देठावर ठिपके असतात. शंभर पिढ्या सांगताहेत. अरिमर्दनाचं नाव कोणाला आठवत नाही, रेवणाचार्य कोण हे कोणाला ठाऊक नाही, आणि कुमुदा मात्र प्रत्येकाच्या तोंडी. विषाला का होईना, नाव तिचं.

"मला तिच्याआधी पोचायचंय," तो म्हणाला.

तमिस्रानं अंगावरची घोंगडी काढून दिली. ती वाऱ्यावर चाले. रेवणाचार्यानं विचारलं, एवढी चीज होती तर तिला का नाही दिली?

"तिनं मागितली नाही," जादूगार म्हणाला. "आणि तू काय करतोस ते मला बघायचंय."

पागेमागच्या उकिरड्यावर सगळं राज्य गोळा झालं होतं. जे चालू शकत होते ते उभे होते, जे लाकूड झाले होते त्यांना बाजेवर घालून आणलं होतं. अनसूयेचा गळ्यापर्यंतचा देह लाकूड झाला होता. बोलायला ओठ तेवढे राहिले होते. कुमुदा त्या पहिल्या रोपासमोर गुडघे टेकून अक्षता ठेवत होती. घोंगडी पडली आणि रेवणाचार्य तिच्या पुढ्यात उतरला.

तिनं वर पाहिलं. चालून चालून तिचे पाय फुटले होते.

"गुरुजी, आलात. बरं झालं," ती म्हणाली. "एकदा मला नावानं हाक मारा. पुन्हा कोणी मारणार नाही."

भोवतीच्या बायका रडायला लागल्या. राजानं मुकुट काढून हातात घेतला. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या होत्या, एकही त्याच्याकडं नाही, आणि रेवणाचार्याला दुसरं काही दिसलंच नाही. त्यानं तिला बाजूला ढकललं. रेशमी उपरणं चिखलात गेलं. तो वाकला, गुडघ्यांवर बसला, तोंड अगदी देठाशी नेलं.

"रेवण," तो म्हणाला. "तुझं नाव रेवण. रेवण, ये."

रोप थरथरलं. मुळानं माती सोडली, कापड फाटल्यासारखा आवाज झाला, आणि तोच आवाज ओढ्याकाठून आला, वाफ्यांतून आला, पार सीमेवरून आला. राज्यातलं ते रोपन् रोप उपटून आडवं झालं, आणि ऊन लागताच त्याची राख झाली. बाजेवरच्या माणसांच्या अंगावरून लाकडाच्या साली गळाल्या. अनसूयेनं हात वर करून पाहिला, मूठ उघडली, मिटली.

लोक म्हणाले, काय हा गुरू, शिष्येसाठी नाव दिलं. पोवाडा झाला, आणि तो अजून गातात. कुमुदेनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. ती रडत होती, आणि तो तिच्या केसांकडं बघत एवढंच म्हणत होता, हिचं नाव नाही लागलं.

मग राज्याची घडी बसली. अरिमर्दनानं मोत्यांची पेटी बेटावर परत पाठवली, त्यानंतर बेटावरून पुन्हा विष आलं नाही. परदेशातून बी मागवून शेपू पुन्हा पेरला. कुमुदा राजवैद्य झाली. तिनं पहिल्याच दिवशी उंच आसन काढायला लावलं आणि चटईवर बसली. राजवैद्यानं पान चुरगळून वास घेतल्याशिवाय नाव सांगायचं नाही, असा कायदा झाला.

आणि ज्यानं नाव दिलं त्याला कोणी हाक मारू शकेना. आचार्यपद कुमुदेकडं गेलं होतं, आणि 'गुरुजी' ही हाकही. नुसतं नाव घ्यावं तर ते त्याच्याकडं येत नसे, समोरचा माणूस दचकून पायाखाली बघे. शिष्य येऊन दारात उभे राहत, काय म्हणावं ते सुचत नसे, आणि परत जात. अनसूयेचं मात्र काही अडलं नाही. तिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ती "अहो" म्हणे, तो ओ देई. राज्यात त्याला एवढीच एक हाक होती. अनसूया त्याच्याआधी वारली, आणि ती हाकही थांबली.

आया पोरींना त्या रोपाची चित्रं दाखवत. हा रेवण, ठिपके बघ, वास लक्षात ठेव, याला हात लावू नको. तो ओट्यावर बसून ऐके. त्याला हवं होतं तसं ते नाव प्रत्येकाच्या तोंडी होतं.

तो मेला तेव्हा दहाव्याला नदीवर भटजींनी विचारलं, कोणाच्या नावानं? क्रियेला बसलेल्या दूरच्या भाऊबंदानं तोंड उघडलं, आणि ओठावर जे आलं ते एका विषारी रोपाचं नाव होतं. त्या नावानं पिंड ठेवता येत नाही. भात तसाच पळसाच्या पानावर राहिला, आणि मंडळी घरी गेली.

त्याला पिंड मिळाला नाही.